लांबडं की बुटकं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मला काम मिळालं. निवृत्त होऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत घरातला एक स्क्रू सैल राहिला नाही, सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, आणि ठकू म्हणायला लागली होती की आई, आता त्या फ्रिजला तरी सुखानं जगू दे. ठकू म्हणजे माझी लेक. घरात आम्ही दोघीच.

झालं असं की तिच्या कंप्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं. कंप्युटरच्या पोटात बसवायची ही एक जाडजूड पाटी असते, वर पंखे. पडद्यावर चित्रं उमटवायचं सगळं जड काम हीच करते. आणि ठकूचं पोटच हलत्या चित्रांवर. दात घासणाऱ्या अस्वलाच्या जाहिराती करून करून तिला वीट आला, म्हणून नोकरी सोडून सहा महिने ती स्वतःचा सहा मिनिटांचा सिनेमा करत बसलीये. एका मोठ्या स्टुडिओला नव्या मालिकेसाठी दिग्दर्शक हवाय. चोवीस तारखेला दुपारपर्यंत सिनेमा पाठवायचा, त्यातून ते एकाला निवडणार. नाही निवडलं तर पुन्हा अस्वल आणि अस्वलाचे दात. सिनेमा कशावर आहे ते मात्र सांगत नाही. झाल्यावर बघ म्हणते.

दुकानदारानं दोन कार्डं घरी पाठवलीत. किंमत जवळजवळ सारखीच. तपासून बघा, एक ठेवा, दुसरं परत करा म्हणाला. एवढा उदार का, तर माझ्या धाकट्या भावानं त्याला गाडी शिकवली. भावाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे.

ठकू म्हणाली, "आई, तू तीस वर्षं कारखान्यात मिक्सर पास-नापास केलेस. मी जुन्या लॅपटॉपवर बाकीचे प्रसंग जुळवत बसते, तूच बघ ना कुठलं कार्ड ठेवायचं ते."

"मला काय कळतंय त्यातलं," असं मी वरवर म्हटलं. आतून उकळ्या फुटत होत्या. पांढरा कोट कपाटातून काढून इस्त्री केला. घालणार नाहीये, नुसता इस्त्री केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नमुने ताब्यात घेतले. एक लांब, तीन पंख्यांचं, कडेनं रंगीबेरंगी दिवे. याचं नाव लांबडं. दुसरं आखूड, दोन पंख्यांचं, काळं ठिक्कर, दिवा औषधालासुद्धा नाही. हे बुटकं.

खोक्यावरची माहिती वाचली. वेगात लांबडं पुढे, वीजही तेच जास्त खातं. बुटकं सावकाश, पण त्याची मेमरी सोळा जीबी, लांबड्याची आठच. मेमरी म्हणजे नेमकं काय, असं भावाला फोन करून विचारलं. त्याला सगळं माहीत असतं, रोज व्हिडिओ बघतो.

"ताई, गाडीची डिकी समज. डिकी मोठी असून करायचीय काय? गाडी पळायला नको?"

मला पटलं. आम्हीसुद्धा मोटर तपासायचो. भांड्यात किती मावतं हे बघायचं काम पॅकिंगवाल्यांचं.

लांबडं बसवताना घाम निघाला. पेटीत मावेचना. शेवटी आतली एक पत्र्याची चौकट काढली तेव्हा गेलं, आणि गेल्यावर वजनानं पुढून लवलं. नाकापेक्षा मोती जड! दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचा टेकू दिला.

दुपारी ठकूनं मला खिडकीपाशी बसवून माझ्या चेहऱ्याचे जवळून फोटो काढले. कपाळ, गाल, डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालचं सगळं. कशाला म्हटलं तर ओळखपत्रासाठी म्हणाली. ओळखपत्राला कानामागचा फोटो लागतो हे मला नवीनच. नियम बदलले असतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली चाचणी. भावाला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला बसवलं. खेळात कंप्युटर सेकंदाला जितकी चित्रं काढेल तितकं कार्ड दमदार, हे एवढं मी शिकून घेतलंय.

चाचणी काटेकोर हवी. दोघांना खोली तीच, पडदा तोच, खेळ तोच, ड्रायव्हरही तोच. (ड्रायव्हर म्हणजे भाऊ. ठकू म्हणाली कार्डालाही ड्रायव्हर असतो, तो वेगळा. असो.) भावाला सांगितलं, दोन्हींचे फेरे सारखे बांधून घे. मिक्सरला आम्ही तसंच करायचो. वेग एक ठेवायचा आणि कोण तापतंय, कोण कण्हतंय ते बघायचं. त्यानं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन साठ आकडा टाकून दिला.

स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला, मूठ माझ्या कानाला. आवाज दोन्हींचा निर्मळ. बुटकं जरासं जास्त तापलं. आणि चित्रं? लांबडं साठ. बुटकं साठ. पुन्हा घेतली, पुन्हा साठ-साठ. भावानं गाडी तीन वेळा दरीत घातली, तरी साठ! (हा माणूस लोकांना गाडी शिकवतो.)

निष्कर्ष: दोन्ही तोलामोलाची. खोक्यांवरचे दावे फोल. दुकानदारानं उगाच फरक फुगवून सांगितला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तोंडघशी पडले.

सकाळी मोठ्या ऐटीत ठकूला निष्कर्ष वाचून दाखवला. ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. "आई, साठच्या वर जाऊच नका असं तूच बजावलंस त्यांना! मग दोघंही साठवर थांबले. आज्ञाधारक आहेत बिचारे."

मी म्हटलं की आमच्याकडे हीच पद्धत होती आणि तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या घरी आमचा मिक्सर पेटला नाही. ती म्हणाली, "पद्धत बरोबरच आहे गं, प्रश्न चुकला." हे म्हणताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. मी काय कुकुल्लं बाळ आहे?

जेवले नाही. म्हणजे उशिरा जेवले.

९ फेब्रुवारी, रविवार

फेरे मोकळे सोडून पुन्हा चाचणी. आता खरा रंग दिसला! लांबडं असं सुटलं की आकडा वाचेपर्यंत बदलायचा. बुटकं मागून आपलं लुटुलुटु. सहा निरनिराळे खेळ घेतले, सहाही लांबड्यानं मारले. तापलं बरंच, पंखेही घोंघावले, पण सुगरण असली की थोडी आदळआपट चालायचीच.

भाऊ खूश. आठवड्यात चौथ्यांदा आला. "चाचणी अर्धवट नको राहायला," म्हणतो. काल त्यानं येताना पिशवीतून खेळायचं स्टिअरिंग आणलं, खऱ्या गाडीसारखं, पायात ब्रेकसुद्धा. चाचणीला उपयोगी पडेल म्हणून स्वतःच्या पैशानं घेतलं बिचाऱ्यानं. माझ्या कामाची एवढी कदर त्यानं कारखान्यात असताना कधी केली नव्हती.

ठकूचं मात्र मला काहीतरी वेगळंच दिसतंय. जेवताना एकदम विचारते, "नापासचा शिक्का मिक्सरच्या कुठल्या बाजूला मारायचीस गं?" मग, "पेन कोटाच्या डाव्या खिशात की उजव्या?" मग, "मोटर जळायच्या आधी आवाज कसा येतो, काढून दाखव ना." मी काढून दाखवला. तिनं मोबाइलवर घेतला.

एवढी चौकशी आजवर केली नव्हती. बहुतेक पोरीचा धीर सुटत चाललाय आणि कारखान्यात नोकरी बघावी असं मनात आहे. सरळ बोलायचा संकोच वाटत असणार. मी कारखान्यातल्या पर्यवेक्षकांना सहज फोन करून ठेवला, की जागा निघाली तर सांगा. तिला काही बोलले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल सादर. लांबडं ठेवावं, बुटकं परत करावं. खाली सही केली. ठकूनं दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला, "एक नंबर झालाय," म्हणाली. मग लांबडं चालू ठेवूनच तिनं आपला सिनेमा उघडला. मला खोलीबाहेर काढलं. मी चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत आतून आवाज आला, "अरे देवा."

गेले तर ती पडद्याकडे बघत बसलेली. पडद्यावर नुसती एक चौकट, मेमरी पुरत नाही, काम थांबवलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर सबंध प्रोग्रामच बंद पडला.

"बाकीचे प्रसंग होतील," ती म्हणाली, "पण हा शेवटचा यात मावतच नाही, आई. कार्ड वेगवान आहे गं, पण प्रसंग आत शिरला तर पळणार ना!"

मी खाली बसले. सहा खेळ तपासले, ताप तपासला, आवाज तपासला. ज्या कामासाठी कार्ड आणलं ते काम तेवढं तपासलं नाही. मिक्सर रिकामा फिरवून पास केला मी. असं एखाद्या शिकाऊ मुलीनं केलं असतं तर तिला दाराबाहेर उभी केली असती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बुटकं लावून तो प्रसंग उघडायचं ठरलं. ठकू म्हणाली, आता तू थांबलीस तरी चालेल. पण असं म्हणून माझ्याकडे न बघता नखं खायला लागली.

बुटक्यानं वेळ घेतला, पण उघडला. हुं की चूं नाही.

एक लांबलचक खोली. फळ्याच फळ्या, त्यावर नापास झालेले मिक्सर, शेकड्यानं. सगळे एकदम सुरू झालेत, झाकणं उडतायत, पिठाचे लोट उठलेत. आणि मधोमध पांढऱ्या कोटातली एक बाई. एकेका मिक्सरला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून ऐकतीये आणि त्यांना दटावतीये, की एकेकानं बोला, सगळ्यांचं ऐकणार आहे मी.

पेन डाव्या खिशात.

मी स्टूल पुढे ओढलं. मग मी म्हटलं, "तिसऱ्या फळीवरच्या मिक्सरची रबरी रिंग उलटी बसलीये."

"आई!"

"अगं उलटीच आहे. गळेल ना त्यातून."

ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग मीही. म्हणजे ते फोटो ओळखपत्राचे नव्हते! आणि मी इकडे पर्यवेक्षकांना फोन करून बसले. ते उद्या निस्तरीन.

जवळून बघितलं तेव्हा मात्र धसकाच बसला. डोळ्यांच्या कडेला हे जाळं! ओठांवरच्या बारीक बारीक रेघा, हनुवटीखालची ती पिशवी, गालावरचा डाग. एवढी म्हातारी झाले मी? ठकू म्हणाली की सगळी गोम तिथेच आहे. चेहऱ्याचे फोटो जसेच्या तसे मोठे चढवलेत, तेच सगळ्यात जास्त मेमरी खातात. मिक्सरांची जेवढी काटछाट करता येईल तेवढी करून झाली. फोटो लहान केले तर प्रसंग लांबड्यातही मावेल.

"मग कर की लहान!"

तिनं करून दाखवलं. क्षणात पडद्यावरची बाई पस्तिशीची झाली. गाल तुळतुळीत, कपाळ कोरं. मी तर बघतच राहिले.

"ही झकास आहे गं! हीच ठेव."

ठकूनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "ही कोण आहे मला माहीत नाही," ती म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता पेच असा. एकेक चित्र पूर्ण रंगवून बाहेर काढायचं काम अजून व्हायचंय, आणि ते हजारोंनी आहे. लांबड्यावर काढलं तर चोवीस तारखेच्या आत आरामात निघेल, पण बाई गुळगुळीत. बुटक्यावर बाई जशी आहे तशी, पण सगळा सिनेमा वेळेत निघेल याची खात्री नाही. वेळ चुकली तर सहा महिने पाण्यात.

भावानं तोडगा आणला. "सोपं आहे. हलके प्रसंग लांबड्यावर काढून घ्या, जड तेवढा बुटक्यावर. मग लांबडं पुसूनबिसून खोक्यात घालून परत! दुकानदाराला काय कळतंय?"

मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. "तपासायला आलेला नमुना कामाला जुंपायचा? आणि मग नवा म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात? आमच्या खात्यात असल्या माणसाला गेटबाहेर काढायचे."

"ताई, तू रिटायर झालीयेस."

"नमुना झालेला नाही."

ठकूच्या तोंडावर सरळ दिसत होतं की मामाचं म्हणणं तिला मोहात पाडतंय. तिचं अख्खं भवितव्य टांगलंय आणि मी तत्त्वं सांगत बसलीये, हे मला कळत का नव्हतं? काळीज तुटत होतं. पण तोंडातून हो येईना. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे मामा. एकच ठेवायचं. आई, काम तुला दिलंय, तूच सांग कुठलं."

दुपारभर फेऱ्या मारल्या. खरं लिहायचं तर मला लांबड्यातली मी आवडली होती. फार आवडली होती. जगाला दाखवायचीच आहे तर जरा बरी दाखवावी, यात काय चूक? आणि वेळेत पोचण्याची खात्रीही त्यातच. सगळं लांबड्याच्या बाजूनं होतं. एवढंच की माझ्या लेकीला ती बाई ओळखता आली नाही.

संध्याकाळी दुसरा अहवाल दिला. एकच ओळ. बुटकं ठेवावं.

भाऊ स्टिअरिंग पिशवीत घालून निघून गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लांबडं परत केलं. स्वतः नेऊन दिलं, ओरखडा नाही, पिशव्या-चिकटपट्ट्या जशा होत्या तशा. कुठल्या खेळावर किती वेळ चालवलं तेही दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, एवढं कुणी सांगत नाही हो. मी म्हटलं, सांगायला पाहिजे.

घरी येईपर्यंत बुटकं कामाला लागलं होतं. खाली मान घालून एकामागून एक चित्र काढतंय. त्याच्यासमोर स्टूल टाकून जरा वेळ बसले. चांगलं कार्ड आहे. पाच दिवस मी त्याला लुटुलुटु म्हणत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रंदिवस चालू आहे, पंखे गरगरतायत. भावाला त्या खोलीत बंदी. तरी आज दारातून डोकावून म्हणाला, "दहा मिनिटं विश्रांती नको का त्याला? मी बसतो हवं तर शेजारी." पिशवी हातात होतीच. ती स्टिअरिंगची पिशवी तो अजून घेऊन का हिंडतो कोण जाणे.

कोटाची इस्त्री मोडली होती, पुन्हा केली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गणित बसत नाही. ठकूनं तीन वेळा हिशोब केला. जड प्रसंग अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खातोय. एक प्रसंग गाळावाच लागणार. दोनच गाळण्यासारखे आहेत, एक कारखान्याच्या फाटकाचा आणि दुसरा बाईच्या निरोप समारंभाचा. ठकूचा कल फाटक गाळण्याकडे.

निरोपाचा मी बघितला नव्हता. कच्चाच दाखवला तिनं. मोठं सभागृह, फुलांचा गुच्छ, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत, बाई ताठ मानेनं चालतीये. राणीच जणू.

"हा काढ," मी म्हटलं.

"का? मी मुद्दाम तुझ्यासाठी घातला होता. तुला आवडेल असं वाटलं."

"आवडला. पण असं काही झालं नाही, ठके. सभागृह नव्हतं, कँटीन होतं. साहेब भाषणात मला पॅकिंग विभागाच्या म्हणाले. आणि टाळ्या आवरत्या घेतल्या, कारण दुसरी शिफ्ट जेवायला येऊन उभी होती."

तिला हे माहीत नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन फार छान झालं म्हणून सांगितलं होतं. ती उठली आणि येऊन मला घट्ट मिठी मारली. मग खुर्चीत बसून तो प्रसंग तिनं काढून टाकला. माझा जीव हलका झाला. ती टाळ्यांची खोटी बाई डोळ्यांपुढून गेली ते बरंच झालं.

फाटक राहिलं. फाटकावर बाई उशीर झाला म्हणून धावतीये, ते अगदी खरं आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेला! सकाळी शेवटचं चित्र निघालं, अकराच्या सुमाराला सगळं जोडून झालं, आणि पाठवताना इंटरनेट गोगलगाईसारखं सरकत होतं. आम्ही तिघं रेघ पुढे जाते का ते बघत उभे. भावानं खुर्चीची पाठ अशी धरली होती की जणू ब्रेक तुटलेल्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलाय. बारा वाजायच्या आत पोचला.

ठकू तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपली. मी बुटकं बंद केलं. थोडं निवल्यावर पंख्यांवरची धूळ ब्रशनं काढली.

रिंगही तिनं सुलटी बसवली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

स्टुडिओतून फोन. ठकूनं स्पीकरवर लावला, मी श्वास रोखून.

तिथल्या एक बाई बोलत होत्या, आवाज गोड. सिनेमा सगळ्यांना आवडला. मिक्सर आवडले, फाटक आवडलं. मालिका याच बाईवर करावी असं वाटतंय. ठकूनं माझा हात असा दाबला की बोटं पांढरी पडली.

"फक्त एक," बाई म्हणाल्या. "चेहरा जरा कमी वयाचा करता येईल का? सुरकुत्या फार आहेत. बघणाऱ्यांना जड जातं. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचंच होतं. मी स्वतः बघितलं होतं. मी ठकूला हातवारे करायला लागले. हो म्हण! हो म्हण, काढते म्हणावं! गाल ओढून दाखवला, की हे घालव, काही बिघडत नाही. माझ्या चार रेघांपायी पोरगी पुन्हा अस्वलाचे दात घासायला जाणार होती का?

ठकूनं माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वळून म्हणाली, "नाही हो. त्या काढल्या तर ती बाई उरत नाही. दुसरं काहीही सांगा, बदलून देते."

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज. मग, "बरं. विचार करून कळवतो."

फोन ठेवल्यावर मी अशी तापले! "डोकं फिरलंय का तुझं? हातातोंडाशी आलेला घास घालवलास! माझा चेहरा आहे, मी म्हणते काढ, तर तू कोण नाही म्हणणारी?" ती शांतपणे चहा पीत होती. "कप थरथरतोय तुझा," मी म्हटलं. "थरथरू दे," ती म्हणाली.

तिला फार बोलले. अजून बोलते आहे, मधूनमधून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवसभर फोन नाही. मी घरातले सगळे स्क्रू पुन्हा तपासले. सैल एकही नव्हता, तरी तपासले. ठकू नुसती छताकडे बघत पडलेली. भाऊ येऊन गेला, गप्प बसून गेला, त्याच्यासारख्या माणसानं गप्प बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आज दुपारी फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात साबणाचे. आतून ठकूचं नुसतं "हो... हो... हो का..." ऐकू येत होतं. मी नळ बंद केला.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे भरलेले, तोंड हसरं.

"मिळालं," म्हणाली. "पूर्ण मालिका. मीच करायची."

"आणि चेहरा?"

"त्यांनी पुन्हा बघितला. सगळ्यांनी बसून. त्या म्हणाल्या, बाई आहेत तशाच चालतील."

मी साबणाच्या हातांनीच तोंड झाकलं, डोळे चुरचुरायला लागले. ठकू घाबरली, काय झालं गं आई, म्हणत पाणी घेऊन धावली. मी तिला सांगितलं की डोळ्यांत साबण गेला. साबण गेला होताच. पण तीस वर्षं मी हजारो मिक्सरांना आहे तसा चालेल म्हणून शिक्का मारला, आणि माझ्याबद्दल हे कुणी म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं.